बुधवारच्या संदेशासाठी दाखला कुठून आणायचा?

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा असते आणि बायबलमधल्या वचनावरचा छोटा संदेश पाळीपाळीनं द्यायचा असतो. पाळकसाहेब त्यात पडत नाहीत, आपलं आपण बघायचं. ज्या बाईची पाळी असते तिचा सोमवारपासून मला फोन. "बाई, एखादा दाखला सांगा ना." दाखला म्हणजे वचन पटावं म्हणून सांगायची रोजच्या जगण्यातली गोष्ट. मी नगर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये नोकरी करून निवृत्त झाले, सभेतल्या निम्म्या जणी माझ्या हाताखालून गेलेल्या. त्यांना वाटतं बाईंच्या कपाटात दाखल्यांची पेटी असणार. पेटी वगैरे काही नाही, एक रीत आहे. ती लिहून ठेवते, म्हणजे फोन तरी कमी होतील.

आधी एक पथ्य. मोबाईलवर आलेला गरुड सभेत आणायचा नाही. गरुड चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, दगडावर आपटून चोच तोडतो, नखं उपटतो, पिसं उपटतो, पाच महिने तसाच बसतो आणि मग नवा होऊन आणखी तीस वर्षं जगतो, ही गोष्ट गरुडासारखे पंख पसरून वर उडण्याच्या वचनाला, यशया 40:31 ला, जोडून किती वेळा ऐकली असेल! असं काही होत नाही. चोच तुटलेला पक्षी खाणार काय? पाच महिने लांबच राहिले, थोड्या दिवसांत उपाशी मरेल. पक्ष्याची पिसं थोडी थोडी झडतात, थोडी थोडी येतात; चोच झिजते तशी वाढत राहते. सभेत मागच्या सतरंजीवर नववीतली एखादी पोरगी बसलेली असते, ती तिथल्या तिथं मोबाईलवर शोधते. गरुड खोटा निघाला की तिच्या लेखी यशयाही त्याच्याबरोबर जातो. म्हणून दाखल्यात जे सांगायचं ते आपण डोळ्यांनी पाहिलेलं असावं, नाहीतर ते काम रोज करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं असावं.

येशूनं काय वापरलं बघा. मीठ, खमीर, दिवठणीवरचा दिवा, जुन्या कपड्याला ठिगळ, घरात पडलेलं नाणं, अंजिराचं न फळणारं झाड, दाद न देणारा न्यायाधीश आणि त्याच्या दारात खेटे घालणारी विधवा. सगळं ऐकणाऱ्यांच्या घरातलं आणि गल्लीतलं. पण एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक दाखल्यात एक जागा अशी असते जिथं ऐकणारा म्हणतो, "अहो, असं कोण करतं?" मत्तय 13:33 मधली बाई तीन मापं पिठात खमीर घालते. तीन मापं म्हणजे शंभरावर माणसं जेवतील एवढं पीठ, आणि मळणारी एकटी बाई. मत्तय 18 मधल्या चाकरावर दहा हजार तलांतांचं देणं असतं. एक तलांत म्हणजे मजुराची सहा हजार दिवसांची मजुरी, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. पेरणारा वाटेवर, खडकावर, काट्यांत, कुठंही बी फोकत सुटतो. आमच्याकडं पाभरीनं तास धरून पेरणारा शेतकरी त्याला सरळ वेडा म्हणेल. म्हणूनच तो दाखला आहे. जमीन पारखून पेरणारा असता तर सांगण्यासारखं काय उरलं असतं?

तर रोजच्या गोष्टीत दाखला शोधताना हीच जागा हेरायची. जिथं काम नेहमीप्रमाणं झालं नाही, जिथं कुणी गरजेपेक्षा जास्त दिलं, जिथं आपल्याला राग आला किंवा हसू आलं. सरळ चाललेल्या कामात धडा नसतो असं नाही, पण तो हाताला लवकर लागत नाही.

आता वही. शाळेची दोनशेपानी वही घ्या, फार चांगली नको, चांगल्या वहीत माणूस चांगलंच लिहायला बघतं. डाव्या पानावर जे घडलं तेवढंच लिहायचं. "यावरून आपल्याला शिकायला मिळतं की" हे शब्द त्या पानावर बंद. वचनही नको. कोण होतं, हातात काय होतं, कोण काय बोललं. उजवं पान धड्यासाठी कोरं ठेवायचं, ते भरायची घाई नाही. काही पानं कोरीच राहतात, राहू द्यावीत.

माझ्या वहीतलं एक डावं पान असं आहे:

"ज्वारीचं पीठ जुनं. विरी गेलेली. भाकरी थापताना कडेनं चिरा, परातीतून उचलली की दोन तुकडे. उकळतं पाणी घालून मळलं तेव्हा कुठं जमली. गिरणी बंद, वीज नाही. उद्यासाठी शेजारणीकडून ताज्या पिठाच्या दोन वाट्या उसन्या आणल्या. ती म्हणाली, परत द्यायची घाई करू नका."

हे वाचल्यावर कुठल्याही ख्रिस्ती बाईच्या डोक्यात पहिलं काय येईल? निर्गम 16, मान्ना, म्हणजे रानात देवानं रोज आकाशातून दिलेलं अन्न. इस्राएल लोकांनी तो सकाळपर्यंत ठेवला तर त्यात किडे पडले, घाण सुटली. म्हणजे कालची प्रार्थना आज चालत नाही, रोज ताजं पीठ, रोज ताजी प्रार्थना. छान आहे, खोटंही नाही. पण हे पहिल्या मिनिटाला सुचलं, आणि पहिल्या मिनिटाला सुचलेलं सभेतल्या सगळ्यांना आधीच सुचलेलं असतं. तुम्ही तोंड उघडायच्या आत त्या माना डोलवायला लागतात. मान डोलली की समजा कान बंद झाला.

म्हणून पुढची पायरी: वचन एकटं उचलायचं नाही, अख्खा अध्याय वाचायचा. जमलं तर दोन भाषांतरांत. आमच्या घरी पंडिता रमाबाईंचं बायबलचं भाषांतर आहे. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी ते केलं, शेवटची वर्षं त्यातच घातली, 1922 मध्ये त्या गेल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्या बायकांच्या हातून ते छापलं गेलं. खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून केलेलं काम आहे ते. आपण सभेत मोठमोठे शब्द वापरतो तेव्हा मला त्यांची आठवण होते.

तर निर्गम 16 पूर्ण वाचला की किड्यांच्या दोन वचनं आधी, अठराव्या वचनात, दुसरंच काही सापडतं. ज्यानं पुष्कळ गोळा केलं त्याचं उरलं नाही आणि ज्यानं थोडं गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. तळटिपेतला संदर्भ बघितला तर तो 2 करिंथ 8:15 कडं नेतो. तिथं प्रेषित पौल हेच वचन वापरतो, आणि कशासाठी? यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना. म्हणजे पौलाला मान्ना आठवला तो ताज्या प्रार्थनेसाठी नव्हे, एकाकडचं जास्त दुसऱ्याकडच्या कमीत जावं म्हणून.

आता परत डावं पान बघा. चिरलेल्या भाकरीपाशी मी अडकून बसले होते, आणि खरी गोष्ट शेवटच्या दोन ओळींत होती. उसनं पीठ. आमच्याकडं उसनी वाटी परत करताना काठोकाठ देत नाहीत, शीग लावून देतात. कुणी शिकवलेलं नसतं, आईला पाहिलेलं असतं. लूक 6:38 मध्ये माप दाबून, हलवून, शीग भरून पदरात घालतात ते वाचायला मग कुठलं स्पष्टीकरण लागत नाही. हा संदेश मी दिला तेव्हा मान कुणी डोलवली नाही. दोघीजणी एकमेकींकडं बघून हसल्या, त्यांच्यात काहीतरी उसनवारी राहिलेली असणार.

एवढ्यासाठीच डाव्या पानावर सगळं लिहा म्हणते. नको वाटणारी, फुटकळ ओळसुद्धा. कुठल्या ओळीत काय आहे ते लिहिताना कळत नाही.

कधीकधी उलटं होतं. वचन वर्षानुवर्षं माहीत असतं आणि एखादी जागा पाहिल्यावर ते वेगळं दिसायला लागतं. मत्तय 20, द्राक्षमळ्यातले मजूर. आमच्याकडं हा दाखला नेहमी एकाच पद्धतीनं सांगतात: उशिरा आला तरी तारण आहे, अगदी मरणाच्या दारातसुद्धा. सकाळी कधी नगरला गेलात तर मजूर अड्ड्यापाशी थोडं थांबा. रस्ता ओलांडून निघून जाऊ नका, थांबा. फावडी, घमेली, खुरपी, कापडात बांधलेला डबा. पिकअप येऊन उभी राहिली की मुकादम उतरायच्या आत पोरं मागं चढतात. आधी तरणी उचलली जातात, मग ओळखीची. अकराच्या सुमाराला कोण उरतं? कंबरेत वाकलेला म्हातारा. एका हातात पोर असलेली बाई. ज्याचा हात प्लास्टरमधून नुकताच निघालाय तो. ती माणसंही पहाटेच आलेली असतात. त्यांनी डबाही आणलेला असतो.

आता दाखला वाचा. धनी पहाटे जातो, नऊला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला जातो. पाचला उभे असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. मी कितीदा शिकवला असेल हा दाखला, ते वाक्य म्हणजे मला मधली भर वाटायची. अड्डा पाहिल्यावर तेच वाक्य मोठं होतं. शेवटचा माणूस आळशी नव्हता, झोपून राहिला नव्हता. तो दिवसभर उभाच होता, आशेनं आणि लाजेनं. आणि धनी त्यालाही दिवसभर राबलेल्यांइतकाच एक दिनार देतो. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एका दिवसाचा घरखर्च. तासाच्या हिशोबानं पैसे दिले असते तर हिशोब बरोबर झाला असता आणि पोरं अर्धपोटी झोपली असती. धनी हिशोब धरत नाही, चूल धरतो.

इथं थांबलं तर बायका म्हणतील, "छान सांगितलं बाईंनी," आणि चहाला उठतील. म्हणून उजव्या पानाच्या तळाशी मी एक ओळ सक्तीनं लिहिते: कुणासाठी, काय, कधीपर्यंत. या दाखल्याखाली लिहिलं ते असं: कांदे काढायला आलेल्या बायकांची मजुरी त्याच संध्याकाळी. आमच्याकडं "बाजारच्या दिवशी देऊ" म्हणायची सवय आहे. घेणारी काही बोलत नाही, बोलून उद्याचं काम कोण घालवील? पण लेवीय 19:13 मध्ये मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडं ठेवू नको असं सरळ सांगितलंय, आणि अनुवाद 24:15 म्हणतं सूर्य मावळायच्या आत दे. ज्या धड्याखाली अशी ओळ लिहिता येत नाही तो धडा अजून पिकलेला नाही. तो पुढच्या बुधवारसाठी ठेवा, या बुधवारी दुसरं काही सांगा.

आता एक कान उपटायचा आहे. दाखला सुनेसाठी शोधायचा नाही. जावेसाठी नाही, सेक्रेटरीबाईंसाठीही नाही. सभेत बसून "काही काही जणी असतात बघा" अशी सुरुवात झाली की सगळ्यांना नाव कळलेलं असतं, फक्त उच्चारलेलं नसतं. कुणी म्हणेल, नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाचं पाप दाखला सांगूनच पकडलं ना? पकडलं. 2 शमुवेल 12 नीट वाचा. नाथान राजाकडं गेला, एकटा, समोरासमोर, आणि "तो माणूस तूच" हे तोंडावर म्हणाला. ज्याच्या हातात त्याचा जीव होता त्याला म्हणाला. आपण टोमणा मारतो तो आपल्याहून लहान असलेल्याला, आणि तोही माईकवरून. दोन्हींत फरक आहे. माझा सोपा नियम असा की धडा ज्या दिवशी सुचला त्या दिवशी तो आधी मला बोचला का? नसेल बोचला तर तो मी दुसऱ्या कुणासाठी तरी धार लावून ठेवलेला असतो.

आणि काही गोष्टींतून धडा काढायचाच नाही. हे मी सगळ्यात जोरात सांगते, कारण आपल्या सभांमध्ये सगळ्यात जास्त दुखावणं इथंच होतं. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यात गारपीट झाली, तेव्हा हातातोंडाशी आलेलं पीक झोपलं. एका प्रार्थनासभेत एक जण उठून म्हणाले, देवानं लोकांना जागं करायला हे केलं. समोर ज्यांचं शेत गेलं होतं ती माणसं बसलेली. येशूपुढं असाच विषय निघाला, तेव्हा यरुशलेमेतला शिलोहाचा बुरूज पडून मेलेल्या अठरा माणसांची गोष्ट त्यानंच काढली. लूक 13:4. ती अठरा माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांहून जास्त पापी होती असं वाटतं का तुम्हाला? नाही, असं तो स्पष्ट म्हणाला, आणि बोट विचारणाऱ्यांकडं वळवलं. योहान 9 मध्ये जन्मापासून आंधळ्या माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? तिथंही त्यानं दोन्ही नाकारलं आणि त्याचे डोळे बरे करायला माती कालवायला घेतली. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ते चांगले मित्र होते. घोटाळा बोलायला लागल्यावर झाला.

म्हणून कुणाच्या घरी मरण झालं, पीक गेलं, पोरगं नापास झालं, दवाखाना लागला, तर वही बंद. डबा घेऊन जा, भांडी घासा, म्हशीची धार काढून द्या. त्यातून काय शिकायचं ते त्या घरातलं माणूस कधी स्वतःहून बोललं तर बोलेल. ती साक्ष त्याची आहे, आपला दाखला नव्हे.

लूक 13 मध्येच बुरुजाच्या लगेच पुढं अंजिराच्या झाडाचा दाखला येतो हे मला आवडतं. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, यंदाचं वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. मोठ्या दुर्घटनेबद्दलच्या प्रश्नानंतर येशू थेट शेणखतावर येतो. मुळाशी आळं करून खत घालण्याचं काम घाण, कंबरमोडं आणि दिसायला काहीच नाही. डाळिंबाच्या बागेत राबलेल्या कुणालाही विचारा. यातला धडा मी सांगत नाही, तुमच्या वहीसाठी ठेवते.

वेळ कधी काढायची, असं विचारतात. वेगळी वेळ काढायला गेलात तर मिळणार नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर दिवस उलटा आठवायचा, झोपण्यापासून उठण्यापर्यंत. स्तोत्र 4:4 मध्ये अंथरुणात पडल्या पडल्या मनाशी विचार करा आणि गप्प राहा असंच सांगितलंय. माझी एक वसईची कॅथलिक मैत्रीण आहे, तिच्याकडं याची मोठी परंपरा आहे; सोळाव्या शतकातल्या संत इग्नाशियस लोयोला यांनी दिवसाची अशी झडती घ्यायची पद्धत घालून दिली. आधी उपकार मानायचे, मग दिवस तपासायचा, मग क्षमा मागायची आणि उद्याचं एखादं काम ठरवायचं. आम्ही प्रोटेस्टंट, पण चांगली गोष्ट उचलायला पासपोर्ट लागत नाही. मला झोप लवकर लागते, त्यामुळे दुपारच्या जेवणापर्यंतच पोचते मी उलटी. चालतं.

शेवटी, सांगायचं कसं. आपल्या भाषेत सांगा. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि ओवी सोडली नाही, म्हणून तर आजही उपासनेत त्यांची गीतं आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांच्या तोंडात बसतात. तुम्ही घरात "परात" म्हणता तर माईकवर "पात्र" कशाला? दुसऱ्याच्या घरातली गोष्ट असेल तर त्या माणसाला आधी विचारा. नाव बदललं तरी आपल्या गावात म्हशीच्या रंगावरून घर ओळखतात. नाही म्हणालं तर सोडून द्या. आधी गोष्ट सांगा, मग अध्याय उघडून वाचा, गोष्टीचा अर्थ फोडून सांगायचा मोह आवरा. एखादीला वेगळाच अर्थ लागला तर तिला तो बोलू द्या, तुमच्याहून बरा असू शकतो.

आणि पंधरा मिनिटांत उरका. साडेचारला नळाला पाणी येतं. त्यानंतर पेत्र आणि पौल दोघं मिळून संदेश द्यायला आले तरी सभेत कुणी बसणार नाही.